टल्साची पुरलेली मोटार

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. खनिज तेलावर श्रीमंत झालेले. या शहराने १५ जून १९५७ रोजी एक नवीकोरी मोटार वाजतगाजत जमिनीत पुरली. अपघातात मोडलेली नव्हे, चोरीचीही नव्हे, शोरूममधून आणलेली. कोर्टाच्या आवारात हिरवळीखाली काँक्रीटचे तळघर बांधले, गाडी क्रेनने आत उतरवली आणि वरून झाकण लावून सिमेंटने लिंपून टाकले. पन्नास वर्षांनी, म्हणजे १५ जून २००७ रोजी, ती बाहेर काढायची असे ठरले.

निमित्त होते ओक्लाहोमाच्या सुवर्णमहोत्सवाचे. १९०७ मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून टल्साने ‘टल्सारामा’ नावाचा उत्सव केला. आता, पुढच्या पिढीला निरोप पाठवायचा तर माणसे शिलालेख कोरतात, झाड लावतात, फार तर पुतळा उभारतात. टल्साने मोटार पाठवली. तेलाचे शहर आणि अमेरिकेची भरभराटीची वर्षे म्हटल्यावर दुसरे काय पाठवणार?

गाडी होती प्लायमाउथ कंपनीची बेल्व्हेडिअर. दोन दारांची, सोनेरी आणि पांढरट अशा दोन रंगांची. मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे उभे पत्रे. ही गाडी म्हणजे १९६० सालच वेळेआधी अवतरले आहे, अशी कंपनीची जाहिरात होती. पन्नास वर्षांनीही तिची ऐट जुनी वाटणार नाही, म्हणून ती निवडली असे आयोजकांनी सांगितले.

सोबत काय काय ठेवले त्याची यादी मला एखाद्या कथेसारखी वाटते. दहा गॅलन पेट्रोल, कारण २००७ साली गाड्या पेट्रोलवर चालत असतील याची त्यांना खात्री नव्हती. (आपण अजून पंपावर रांग लावतो आहोत, हे त्यांना कळले असते तर!) इंजिन ऑइल. बिअरची एक पेटी. डॅशबोर्डच्या खणात एका बाईच्या पर्समधल्या वस्तू : केसांच्या चौदा पिना, लिपस्टिक, च्युइंगम, सिगारेटी, काड्यापेटी, मन शांत करणाऱ्या गोळ्यांची बाटली, दोन डॉलर त्र्याहत्तर सेंट रोख आणि न भरलेल्या पार्किंगच्या दंडाची एक पावती. आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलात नवे पैसे आले होते आणि लोक आण्यांचा हिशोब बोटांवर करत होते. सोबत पोलादाचा एक बंद डबा होता. त्यात कागदपत्रे आणि अठ्ठेचाळीस तारे असलेला अमेरिकेचा झेंडा. अलास्का आणि हवाई ही राज्ये १९५९ मध्ये सामील झाली, तोवर तारे तेवढेच होते.

शिवाय एक पैज. २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल? ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याला किंवा त्याच्या वारसाला ही गाडी.

तळघर अणुबॉम्बच्या हल्ल्यातही टिकेल असे बांधले आहे, असे तेव्हा सांगितले गेले. ते दिवसच तसे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेचे डोळे वर लागले. घात आला तो वरून नव्हे. तो आजूबाजूच्या जमिनीतून, थेंबाथेंबाने आला.

माझ्या समाजात माणसाला मातीत ठेवतात ते मातीने त्याला आपल्यात सामावून घ्यावे म्हणून. मूठमाती देताना प्रत्येक जण तीन मुठी टाकतो आणि मागे न बघता निघतो. टल्साच्या लोकांनी मातीकडे नेमके उलटे मागणे केले : घे, पण हात लावू नकोस.

पन्नास वर्षांनी झाकण उघडले तेव्हा तळघरात पाणी साचलेले होते. गाडी बाहेर आली ती गुंडाळलेल्या आवरणासकट, चिखलाने बरबटलेली. संध्याकाळी एका मोठ्या सभागृहात, हजारो लोकांसमोर, ते आवरण काढण्यात आले. गाड्या सजवण्यात नाव कमावलेले बॉइड कॉडिंग्टन तिथे हजर होते. जमल्यास इंजिन सुरू करून दाखवायचे असा बेत होता. दिसले ते गंजाचे एक तपकिरी ढेकूळ. बैठकी कुजून बसल्या होत्या, मागचा भाग खाली टेकला होता. पर्समधल्या वस्तूंचा लगदा झाला होता. कोरडा राहिला तो पोलादी डबा. त्यातले कागद वाचता आले, झेंडा उलगडता आला.

लोखंडाला गंज धरायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. काँक्रीट दिसते दगडासारखे, पण ते पाणी पिते. सांध्यांतून झिरपते, तडा गेला तर विचारायलाच नको. तळघर जमिनीखाली, वर हिरवळ. म्हणजे त्यांनी नकळत एक विहीरच बांधली होती. गाडीभोवतीचे आवरण पाणी बाहेर ठेवायला होते, पण एकदा आत गेलेले पाणी त्याने जाऊही दिले नाही. त्यात १९५७ च्या प्लायमाउथ गाड्या रस्त्यावरसुद्धा लवकर गंजतात म्हणून बदनाम होत्या. याच्या उलट, १९३८ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी जी कालकुपी पुरली, ती तांब्याच्या मिश्रधातूची होती. आत काचेचे आवरण आणि हवेऐवजी नायट्रोजन. ती ६९३९ साली उघडायची आहे. तिच्यात मोटार नाही. मोटार बसवायची म्हटले की असे लाड परवडत नाहीत.

पैज जिंकली ती मेरीलँड राज्यातल्या एका माणसाने. त्याचा अंदाज होता ३,८४,७४३. प्रत्यक्ष आकडा धरला गेला ३,८२,४५७. अंदाज इतका नेमका, पण तो माणूस १९७९ मध्येच वारला होता, पुढे त्याची पत्नीही गेली. गाडी त्याच्या दोन वृद्ध बहिणींकडे आली. मग ती न्यू जर्सीत एका गंज काढणाऱ्या कारखान्यात गेली आणि तिथे अनेक वर्षे तिची साफसफाई चालली. रंग काही ठिकाणी पुन्हा दिसला, पण आतला सांगाडा खाल्ला गेला होता. रस्त्यावर आणायची तर सबंध गाडी नवी करावी लागली असती. २०१७ मध्ये ती इलिनॉय राज्यातल्या रॉस्को गावी एका मोटारींच्या संग्रहालयात पोहोचली. टल्साने मात्र धीर सोडला नव्हता. १९९८ मध्ये, पहिली गाडी अजून जमिनीत असतानाच, शहराने प्लायमाउथ प्राउलर ही दुसरी गाडी बंदिस्त करून ठेवली होती, या खेपेला जमिनीच्या वर. ती २०४८ मध्ये उघडायची आहे. प्लायमाउथ हे नाव मात्र २००१ मध्येच बंद झाले.

या प्लायमाउथशी मुंबईचेही नाते आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ च्या सुमारास ज्या गाड्या जोडायला सुरुवात केली, त्यांत प्लायमाउथ, डॉज आणि डिसोटो होत्या. पुढे तिथेच फियाट आली आणि तिची पद्मिनी झाली. माझे एक मामू मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. पावसाळ्यात सकाळी दरवाजाच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघायचे, कुठे पत्रा फुगलाय का. फुगला असेल तर घासून, रेड ऑक्साइड मारून मगच धंद्याला निघत. म्हणायचे, “बेटा, खडी गाडी जल्दी मरती है.” ती टॅक्सी समुद्राची हवा खात वर्षानुवर्षे चालली. ती टिकली ती रोज कुणाचा तरी हात लागला म्हणून. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

कालकुपीचा खरा प्रश्न मला गंजाचा वाटत नाही. आत काय घालायचे, हे कोण ठरवते? आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७३ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने लाल किल्ल्यात कालपात्र पुरले. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्यात होता आणि तो हजार वर्षे टिकायचा होता. इतिहासात कुणाचे नाव किती, यावरून वाद झाला. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि कालपात्र उकरून काढले गेले. हजार वर्षांची गोष्ट चार वर्षांत आटोपली. निदान आपण त्यावर भांडलो तरी.

टल्सात १९५७ साली भांडण झाले नाही. त्या गाडीतल्या वस्तूंच्या ज्या याद्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत पिना मोजलेल्या आहेत, सेंट मोजलेले आहेत. ग्रीनवुड हे नाव मला कुठे दिसले नाही.

ग्रीनवुड ही टल्सातली कृष्णवर्णीयांची वस्ती, गाडी पुरली त्या जागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. दुकाने, हॉटेले, डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रे. सगळे त्यांचे स्वतःचे. एका कृष्णवर्णीय तरुणावर गोऱ्या मुलीला त्रास दिल्याचा आळ आला आणि ३१ मे १९२१ च्या संध्याकाळी कोर्टाभोवती गोऱ्यांचा जमाव जमला. (तेव्हाचे कोर्ट वेगळ्या इमारतीत होते.) रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी जमावाने ग्रीनवुड लुटले, जाळले. पस्तीस चौक बेचिराख झाले, बाराशेहून अधिक घरे गेली, सुमारे दहा हजार माणसे बेघर झाली. मृतांचा अंदाज शंभरापासून तीनशेपर्यंत दिला जातो. त्यांतल्या अनेकांना खुणेशिवाय पुरले. मग शहर गप्प झाले. शाळेच्या पुस्तकांत दशकानुदशके हा विषय नव्हता. गाडी पुरली तेव्हा या घटनेला जेमतेम छत्तीस वर्षे झाली होती. ते पाहिलेली माणसे, दोन्ही बाजूंची, शहरात हयात होती.

राज्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल यायला २००१ उजाडले. खुणा नसलेल्या कबरींचा शोध पुढे ओकलॉन दफनभूमीत सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे ओळीने पुरलेल्या शवपेट्या सापडल्या. या खोदकामाला ठरलेली तारीख नव्हती, बँड नव्हता. हाडे मोजली, डीएनए काढला, दूरदूरच्या नातेवाइकांचे नमुने जुळवले.

जुलै २०२४ मध्ये पहिले नाव जाहीर झाले : सी. एल. डॅनियल. पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेला तरुण. त्याची ओळख पटायला डीएनएसोबत एका कागदाचाही आधार मिळाला. त्याच्या आईला मदत मिळावी म्हणून तिच्या वकिलाने १९३६ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याला पत्र लिहिले होते आणि त्यात हा मुलगा १९२१ च्या टल्साच्या दंगलीत मारला गेल्याचे नमूद केले होते. ते पत्र काँक्रीटमध्ये ठेवलेले नव्हते. एका सरकारी फायलीत ते अठ्ठ्याऐंशी वर्षे पडून होते.