पायाची बायपास, आतड्याची बायपास : ऑपरेशननंतरच्या वर्षांचा इतिहास

"बायपास झाली" म्हटले की आपल्याकडे हात आपोआप छातीकडे जातो. बायपास म्हणजे हृदयाची, हे समीकरण इतके पक्के आहे की "पायाची बायपास करावी लागेल" असे सांगितल्यावर बरेच रुग्ण घाबरून विचारतात, "म्हणजे डॉक्टर, हार्टलाही काही झालंय का?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण आधी एक गोष्ट सांगतो. पायाची बायपास ही हृदयाच्या बायपासची थोरली बहीण आहे, आणि आतड्याची बायपास तर त्या दोघींपेक्षाही वयाने मोठी.

बायपास म्हणजे वळणरस्ता. पुण्याच्या कात्रज बायपाससारखा. गावात गर्दी झाली, गाड्या अडल्या, की गावाबाहेरून रस्ता काढायचा. शरीरातही कल्पना तीच. पण एक प्रश्न रस्त्याचे इंजिनिअर विचारतात आणि आपण विचारायला विसरतो : वळणरस्ता झाल्यावर मागे राहिलेल्या गावाचे काय होते? पायात मागे राहते ती बंद पडलेली नळी. तिच्यात काही चालत नाही, ती काही मागत नाही. आतड्यात मात्र मागे राहते ते जिवंत, वस्ती असलेले गाव. दोन्ही ऑपरेशनांचे पुढचे नशीब इतके वेगळे का निघाले, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

राजाचा पाय

१९४८ साली इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या पायात गोळे येऊ लागले. वय ५२, सिगारेटची सवय भारी. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या आणि पाय कापावा लागेल की काय अशी डॉक्टरांना धास्ती होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला गेला. मार्च १९४९ मध्ये सर जेम्स लिअरमंथ यांनी बकिंगहॅम राजवाड्यातच त्यांचे ऑपरेशन केले. पण ते बायपासचे नव्हते. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंची साखळी कमरेजवळ कापली, म्हणजे उरलेल्या वाहिन्या थोड्या सैल व्हाव्यात. जगातल्या सर्वांत मोठ्या राजघराण्याला त्या दिवशी एवढाच उपचार उपलब्ध होता.

गंमत अशी, की जवळजवळ नऊ महिने आधी, जून १९४८ मध्ये, खाडीपलीकडे फ्रान्समध्ये झां कुनलां नावाच्या सर्जनने खरा मार्ग शोधला होता. कुनलां हे प्रसिद्ध सर्जन रने लरिश यांचे सहकारी. लरिश यांची पद्धत म्हणजे मज्जातंतू कापणे आणि बंद पडलेल्या धमनीचा तुकडा काढून टाकणे. असे सगळे करूनही पायाची जखम न भरलेला एक रुग्ण कुनलां यांच्यापुढे आला. आधीच्या ऑपरेशनमुळे मांडीतला तो भाग व्रणांनी घट्ट झाला होता, तिथे पुन्हा हात घालणे अवघड. मग त्यांनी तो भाग सोडूनच दिला. रुग्णाच्याच पायातली लांब शीर काढली आणि तिचे एक टोक अडथळ्याच्या वर, दुसरे खाली, धमनीच्या कुशीला छिद्र करून शिवले. टोकाला टोक नव्हे, टोकाला कूस. त्यामुळे धमनीला आजूबाजूने फुटलेल्या बारीक फांद्याही शाबूत राहिल्या. जखम भरली. पायाची बायपास आजही मुळात अशीच करतात.

शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून बसवावी लागते, किंवा जागेवरच ठेवून झडपा कापाव्या लागतात. एवढी खटपट कशाला, कृत्रिम नळी का नको, असे रुग्ण विचारतात. कृत्रिम नळ्याही लवकरच आल्या. आर्थर वूरहीस यांनी १९५२ मध्ये कापडाची नळी माणसात वापरली. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. पोटातल्या मोठ्या महाधमनीसाठी त्या उत्तम ठरल्या. पण गुडघ्याखाली रक्तवाहिनी असते पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड. तिथे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने हिशेब मांडला : चार वर्षांनी स्वतःच्या शिरेच्या बायपासपैकी शेकडा ४९ चालू होत्या, कृत्रिम नळीच्या शेकडा १२.

शेकडा ४९ हा आकडा वाचून निराश होऊ नका, पण तो विसरूही नका. पायाची बायपास बंद पडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुधा जोडणीत, शिरेत किंवा पुढच्या वाहिनीत दोष असतो. महिन्यानंतर दोन वर्षांपर्यंत खरा शत्रू म्हणजे जोडाच्या जागी आतून वाढणारे अस्तर. शीर धमनीचा दाब सोसायला शिकते, जाड होते, आणि कधी कधी इतकी जाड होते की आतली वाट बुजते. त्यानंतर मूळ रोगच पुढे सरकलेला असतो. म्हणूनच पाय छान वाटत असतानाही आम्ही डॉप्लर सोनोग्राफीला बोलावतो. अरुंद झालेली शीर वेळेत सापडली तर ती वाचवता येते. पूर्ण बंद झाल्यावर उघडणे फार कठीण.

ऑपरेशननंतर पायाला सूज येते, ती काही आठवडे ते महिने राहते. मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. जांघेतली जखम चिघळू शकते, विशेषतः मधुमेह असेल तर. या कटकटी आहेत, पण बहुतेकदा निभावतात. धोक्याची गोष्ट वेगळी : बराच वेळ रक्ताविना राहिलेल्या पायात एकदम रक्त आले की पोटरीचे स्नायू सुजतात, त्यांच्यावरचे आवरण मात्र ताणत नाही, आणि आतला दाब स्नायू मारू लागतो. अशा वेळी ते आवरण तातडीने चिरून मोकळे करावे लागते. नातेवाईकांना ती उघडी पोटरी पाहून धक्का बसतो, पण पाय त्यामुळेच वाचतो.

आणि आता त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. राजाचा पाय कापावा लागला नाही. १९५१ मध्ये कर्करोगामुळे त्यांचे एक फुप्फुस काढले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये झोपेतच हृदयाच्या धमनीत गुठळी होऊन ते गेले. पायाच्या बायपासनंतर पुढच्या वर्षांत रुग्ण दगावतात ते बहुतेक पायामुळे नव्हे, हृदयामुळे. धमन्यांचा रोग एका पायापुरता नसतो. बायपासने रस्ता वळतो, रोग तिथेच असतो. नवी शीर बसवून घरी गेल्यावर पुन्हा बिडी ओढणारा माणूस त्या नव्या शिरेलाही धूरच पाजत असतो.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंची अरुंद धमनी आतूनच नळी सरकवून रुंद केली. पाय वाचला, आणि अँजिओप्लास्टीचा जन्म झाला. तेव्हापासून चाकू की फुगा हा वाद चालू आहे. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात, चांगली लांब शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरली : पुन्हा मोठी प्रक्रिया, पाय कापणे किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही शेकडा ४३ जणांना, तर फुग्याच्या गटात शेकडा ५७ जणांना. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधून, गुडघ्याखालच्या धमन्यांबाबत नेमका उलटा निकाल आला. म्हणजे तुमची शीर कशी आहे आणि अडथळा कुठे आहे यावर उत्तर बदलते. ऑपरेशनआधी शिरेची सोनोग्राफी करून मोजमाप का घेतात, ते यावरून कळेल.

आतड्याचे प्रकरण

आतड्याच्या बायपासचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांना हार्ट अटॅक आला होता. जून १९५६ मध्ये, निवडणुकीच्या वर्षात, मध्यरात्री पोटात कळा सुरू झाल्या. क्रोन या आजाराने लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड होऊन बंद झाला होता. ९ जूनच्या पहाटे वॉल्टर रीड रुग्णालयात सर्जननी तो रोगट भाग काढला नाही. त्याच्या अलीकडचे निरोगी आतडे थेट मोठ्या आतड्याला जोडले. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसात कमी वेळाचे, कमी धोक्याचे ऑपरेशन. माझ्या मते त्या रात्री ते योग्यच होते. नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर निवडूनही आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये मात्र जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या व्रणांमुळे त्यांचे आतडे पुन्हा अडले आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागले. पुढच्याच महिन्यात ते हृदयविकाराने वारले. पोटाच्या ऑपरेशनचे चिकट व्रण इतक्या वर्षांनीही डोके वर काढू शकतात.

क्रोनसाठी ही पद्धत पुढे मागे पडली. मागे ठेवलेल्या भागात आजार धुमसत राहायचा, क्वचित त्यात कर्करोगही व्हायचा. आपल्याकडे आतड्याच्या क्षयरोगात हाच अनुभव आला. अडलेला भाग तसाच ठेवून बायपास केलेल्या रुग्णांत आडबाजूच्या आतड्यात अन्नरस साचायचा, जंतू माजायचे, माणूस खाऊनही खंगायचा. १९७७ मध्ये आर. एन. कटारिया आणि सहकाऱ्यांनी क्षयाने आवळलेले आतडे न कापता, न वळवता, आवळलेल्या जागीच उभे चिरून आडवे शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पाश्चात्त्य सर्जननी ती क्रोनसाठी उचलली.

पण खरा धडा मिळाला तो लठ्ठपणाच्या ऑपरेशनांतून. १९५४ मध्ये मिनेसोटाच्या क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग टाळून वजन घटवण्याचा प्रयोग जाहीर केला. लॉस एंजेलिसच्या पेन आणि डेविंड यांनी तो पुढे नेला आणि १९६९ मध्ये त्याचे प्रमाण ठरवून दिले : वरचे ३५ सेंटिमीटर, खालचे १० सेंटिमीटर. सुमारे सहा मीटरच्या आतड्यातून अन्न जायचे फक्त ४५ सेंटिमीटर. वजन धडाधड उतरले. वर्षभराचे निकाल पाहून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही खूष. अमेरिकेत हजारो लोकांनी हे ऑपरेशन करून घेतले.

मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. जुलाब तर होतेच. न पचलेली चरबी आतड्यातले कॅल्शियम अडकवून ठेवी. एरवी हेच कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते. मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरे आणि मूत्रपिंडात खडे होत. काहींची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. काहींचे यकृत चरबीने भरून खराब झाले, त्यात मृत्यूही झाले. कुणाला ताप, सांधेदुखी आणि अंगावर पू भरलेल्या पुळ्या येत. त्वचारोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ चक्रावून गेले. जंतुनाशक औषध दिले की पुळ्या जायच्या, तेव्हा उलगडा झाला : आडबाजूला टाकलेले साडेपाच मीटर आतडे म्हणजे साचलेले डबके, त्यात वाढलेल्या जंतूंविरुद्ध शरीर लढत होते आणि त्याचे पडसाद सांध्यांत, त्वचेत उमटत होते. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन जवळजवळ बंद झाले. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली, आणि तसे केले की वजन परत आले.

याच काळात मिनेसोटाचेच हेन्री बुकवाल्ड आतड्याचा फक्त खालचा एक तृतीयांश भाग वळवत होते. हेतू वजन नव्हे, कोलेस्टेरॉल. पित्तातली आम्ले त्या भागातून परत शोषली जातात. वाट बंद केली की यकृत ती नव्याने बनवण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल खर्च करते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ८३८ जणांवरचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. वाईट कोलेस्टेरॉल शेकडा ३८ ने कमी, हृदयविकाराचे मृत्यू आणि नवे झटके मिळून शेकडा ३५ ने कमी, आणि पायांच्या धमन्यांचा रोगही शस्त्रक्रियेच्या गटात कमी आढळला. आतडे वळवून पाय वाचवण्याचा हा प्रकार! किंमत म्हणून जुलाब, खडे आणि जन्मभर बी-१२ ची इंजेक्शने. पण तोवर, १९८७ मध्ये, अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली होती. ऑपरेशन मागे पडले, तत्त्व टिकले. पायाच्या बायपासनंतर तुमच्या चिठ्ठीवर कोलेस्टेरॉल नॉर्मल असतानाही जी स्टॅटिन लिहिलेली असते, ती बंद करू नये याचे कारण हेच.

आज वजनासाठी जी गॅस्ट्रिक बायपास होते तिचे मूळ आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या १९६६ च्या ऑपरेशनमध्ये आहे. त्यात अन्न वळते, पण आडबाजूच्या आतड्यातून पित्त आणि पाचकरस वाहत राहतात, म्हणून डबके होत नाही. जुन्या बायपासच्या भयंकर कहाण्या ऐकून हिला घाबरू नका. तरी लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ कायम घ्यावेच लागतात. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत उलट्या थांबत नसतील तर बी-१ ची कमतरता होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा वाट न पाहता दाखवा. वर्षे उलटून गेल्यावरही अचानक पोटात पीळ पडल्यासारखे दुखले, उलट्या झाल्या, तर आम्लपित्त समजून घरी गोळ्या घेऊ नका.

आणि एक. डिस्चार्ज कार्डावर कोणते आतडे कुठे जोडले, पायातली शीर कुठून कुठे नेली, हे लिहिलेले असते. त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, मुलांनाही पाठवून ठेवा. दहा-बारा वर्षांनी मध्यरात्री तुम्हाला तपासणारा डॉक्टर वेगळाच असेल, आणि तो पहिल्यांदा हाच कागद मागेल.