प्रवासी नकाशा : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

प्रस्तावना :
प्रवासासाठी काढलेला नकाशा उपयोग संपताच टाकून दिला जातो. परिणामी इतिहाससाधन म्हणून त्याचा विचार फारसा होत नाही. व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील ‘टॅब्युला प्यूटिंगेरियाना’ हा याला महत्त्वपूर्ण अपवाद होय.

विवेचन :
रोमन मार्गांच्या नकाशाची ही मध्ययुगीन चर्मपत्री प्रत सुमारे पावणेसात मीटर लांब, मात्र जेमतेम ३४ सेंटीमीटर उंच आहे. त्यामुळे भूमध्य समुद्र कालव्यासारखा अरुंद दिसतो. तथापि, यावरून नकाशा सदोष ठरत नाही. प्रवाशाला भूमीचा आकार नव्हे, तर पुढील मुक्काम व त्याचे अंतर हवे असे. तेच येथे मार्गरेषांवर अंकांनी नोंदविले आहे. पूर्वेकडे केरळ किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराजवळ ऑगस्टसचे मंदिर दाखविले आहे. केवळ या नोंदीने मंदिराचे अस्तित्व सिद्ध होत नसले, तरी रोमन जगाला या बंदराचा परिचय होता, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१८६३ मध्ये जतनासाठी ही गुंडाळी ११ भागांत विभागण्यात आली. २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत तिचा समावेश झाला. पश्चिमेकडील आरंभीचा भाग मात्र पूर्वीच नष्ट झाला होता आणि त्यासोबत स्पेनचे मार्गही गेले. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुनी रेल्वे वेळापत्रके व पर्यटन नकाशे ‘कालबाह्य’ म्हणून निर्लेखित करण्यापूर्वी या हानीचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.