कपाट सुंदर कशाने दिसतं? मद्रासच्या ग्रंथपालाचं उत्तर

घरातलं पुस्तकांचं कपाट देखणं कसं लावायचं, हा आजचा विषय. हल्ली कोणी रंगांनुसार पुस्तकं लावतं, कोणी उंचीनुसार. छान दिसतात. पण हवं ते पुस्तक सापडतं का? आणि न वाचलेलं पुस्तक हाताला लागतं का?

पुस्तकं उभी, कणा बाहेर ठेवून लावणं ही तशी अलीकडची रीत आहे. आपल्याकडे पोथ्या आडव्या, कापडात बांधून ठेवत. युरोपात तर एकेकाळी पुस्तकं साखळीने कपाटाला जखडलेली असत आणि त्यांचा कणा आत असे. दोन्हीकडे पहिली काळजी एकच, पुस्तक जपायचं.

ही समजूत आपल्याकडे ज्यांनी मोडली, ते शियाळी रामामृत रंगनाथन. जन्म १८९२चा. चेन्नई तेव्हा मद्रास होतं. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवायचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. ग्रंथालयात फिरकणार कोण? परत शिकवायला जायची त्यांची तयारी होती. पण त्याच वर्षी ते ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथली माणसांनी भरलेली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि त्यांचा विचार पालटला.

लंडनच्याच एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडणी बदलली की नवं खेळणं तयार. पुस्तकाचा विषयही असाच जोडता येईल, हे त्यांना सुचलं. समजा, पुस्तक आहे तंजावरच्या मराठ्यांच्या काळातल्या संगीतावर. ते संगीतात ठेवायचं की इतिहासात? रंगनाथन विषय, स्थळ, काळ असे तुकडे पाडून त्यांची खूण बनवत. तुकडे जोडायला अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं. इंग्रजीत त्याला कोलन म्हणतात, म्हणून ही कोलन वर्गीकरण पद्धत. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. आपलं पुस्तक रंगाने लावलं, तर ते फक्त ‘पिवळं’ उरतं.

त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते. त्यांचा आशय असा: पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय वाढतं असतं.

आता हे घरच्या कपाटाला लावून बघा. जमिनीवर उभं राहून हात पोचेल, तिथेच रोजची पुस्तकं ठेवा. मुलांची पुस्तकं खालच्या खणात. एका विषयाची पुस्तकं शेजारीशेजारी, म्हणजे एक काढताना दुसरं दिसेल. रंगांची हौस असेल, तर ती एका विषयाच्या आत भागवा. प्रत्येक खणात चार बोटं जागा मोकळी सोडा, कारण पुस्तकं येतच राहणार. आणि न वाचलेली दोन पुस्तकं डोळ्यांसमोर, मुखपृष्ठ पुढे करून ठेवा. शोभाही होते आणि त्या पुस्तकांना वाचकही मिळतो.

आज रात्री एकच खण लावून बघा. पुढच्या भागात भेटूच!