जामिया मिल्लिया इस्लामिया : प्रवेश, खर्च आणि पदवीनंतरची वाट

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे हमखास विचारणा होते, "जामियाला नंबर लागेल का?" बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. जामियाचा स्वतःचा फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि बहुतेक कोर्सेसची मुदत आपल्या एचएससीच्या निकालाआधीच संपते. म्हणून ही माहिती अकरावी-बारावीच्या पालकांनी आत्ताच वाचून ठेवावी.

जामियाची स्थापना 1920 ला अलीगढमध्ये, असहकार चळवळीच्या काळात झाली. 1925 मध्ये ती दिल्लीला आली आणि 1988 मध्ये संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ झाली.

प्रवेशाचे दरवाजे अनेक आहेत आणि इथेच गोंधळ होतो. बी.टेक. जेईई मेनच्या गुणांवर, बीडीएस नीटवर, काही पदवी कोर्स सीयूईटीवर, तर बीए एलएलबीसारखे बरेच कोर्स जामियाच्या स्वतःच्या परीक्षेवर. कुठला कोर्स सीयूईटीत आहे ही यादी दरवर्षी बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका, त्या वर्षीचे माहितीपत्रक काढा. आणि महत्त्वाचं म्हणजे जेईई किंवा सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं नाही. जामियाचा फॉर्म वेगळा भरावाच लागतो. बी.टेक.च्या जागा आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित समुपदेशनात येत नाहीत. उत्तम गुण असूनही केवळ हा दुसरा फॉर्म राहिला तर वर्ष जातं.

आता आरक्षण. 22 फेब्रुवारी 2011 रोजी राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाने जामियाला अल्पसंख्याक संस्था ठरवले. त्यानंतर निम्म्या जागा मुस्लिमांसाठी आहेत : 30 टक्के सर्वसाधारण मुस्लिम, 10 टक्के मुस्लिम महिला आणि 10 टक्के मुस्लिम ओबीसी व एसटी. आपल्याकडच्या बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी घरांतल्या मुलांनी हा शेवटचा गट लक्षात घ्यावा. मात्र राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. ते आधी तपासा आणि केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला वेळेत काढा. तहसीलच्या चकरा फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात परवडत नाहीत.

निम्म्या जागा राखीव म्हणजे प्रवेश सोपा, हा मात्र गैरसमज आहे. त्या जागांसाठी बिहार, उत्तर प्रदेश, काश्मीर, केरळपासून सगळीकडची मुलं स्पर्धेत असतात. शिवाय हा दर्जा वादातीतही नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात त्याला विरोध करणारी भूमिका घेतली होती. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने अलीगढ विद्यापीठाच्या प्रकरणात 4 विरुद्ध 3 मतांनी 1967 चा अझीझ बाशा निकाल बाजूला सारला. कायद्याने विद्यापीठ स्थापन झालं एवढ्याच कारणाने अल्पसंख्याक दर्जा जात नाही, असं त्यात म्हटलं आहे. जामियाच्या बाजूने हा मुद्दा मोठा आहे.

खर्चाचं म्हणाल, तर नियमित कोर्सची फी खासगी कॉलेजच्या मानाने कमीच आहे. सेल्फ-फायनान्स कोर्सचं गणित वेगळं, तिथे नीट पाहूनच हो म्हणा. खरा खर्च राहण्याचा. हॉस्टेलच्या जागा विद्यार्थ्यांच्या संख्येपुढे थोड्या आहेत आणि प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नसतं. मग बाटला हाऊस, झाकिर नगर, अबुल फजल एन्क्लेव्हमध्ये रूम शोधायची. डिपॉझिट, दलालाची रक्कम, घरमालक स्वतःच्या दराने लावतो ते वीजबिल, मेसचा डबा आणि आपल्या मुलांना न झेपणारी दिल्लीची थंडी. बजेट मांडताना फी शेवटी धरा, रूम आधी. पुढे पीएचडी करू म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक धक्का म्हणजे मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये बंद केली. आपल्याकडे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. आपला कोर्स आणि राज्याबाहेरचं विद्यापीठ त्यात बसतं का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

पदवीनंतर काय? एनआयआरएफ क्रमवारीत 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षे जामिया विद्यापीठांमध्ये तिसरी होती. पण क्रमांकाने नोकरी लागत नाही. इंजिनिअरिंग, कायदा, मास कम्युनिकेशन यांची वाट एक, भाषा आणि धर्मशास्त्राच्या पदवीची दुसरी. 1982 मध्ये सुरू झालेल्या मास कम्युनिकेशन केंद्राचं नाव चित्रपट आणि पत्रकारितेत आजही चालतं. (शाहरुख खानने इथला अभ्यासक्रम अर्धवट सोडला होता, हेही सांगून टाकू.) जाहिरातीतल्या "सर्वाधिक पॅकेज"कडे पाहू नका, ते एखाद्याच मुलाचं असतं. एनआयआरएफसाठी प्रत्येक संस्था किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, त्यांचा मध्यम पगार किती आणि पुढे शिकायला किती गेले, हे आकडे देते. ते कुणालाही पाहता येतात, ते बघा.

यूपीएससीचं यश वेगळं समजून घ्यायला हवं. ते बहुतांशी जामियाच्या निवासी कोचिंग अकादमीचं आहे. 2018 च्या परीक्षेत तिसरा आलेला जुनैद अहमद आणि 2021 च्या परीक्षेत पहिली आलेली श्रुती शर्मा हे दोघेही तिथे तयारी करत होते. श्रुती जामियाची पदवीधर नव्हती, सेंट स्टीफन्सची होती. अल्पसंख्याक, एससी, एसटी आणि महिलांसाठी असलेल्या या अकादमीला पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे याचं बंधन नाही. लेखी परीक्षा, त्यात निबंध, मग मुलाखत. म्हणजे नांदेड किंवा मालेगावात घरी राहून पदवी घेतलेली मुलगीही त्यासाठी थेट अर्ज करू शकते.