परिमंडलातील दोन ताऱ्यांची साक्ष

सर्व ताऱ्यांची रासायनिक घडण सारखीच, ही समजूत १९५१ पर्यंत रूढ होती. एच. डी. १९४४५ व एच. डी. १४०२८३ हे तारे आज सूर्याच्या शेजारून जात असले, तरी ते आकाशगंगेच्या परिमंडलातले. त्यांच्या वर्णपटांतील धातुरेषा क्षीण. म्हणून ते वास्तवाहून अधिक उष्ण गणले गेले. १९५१ मध्ये जोसेफ चेंबरलेन व लॉरेन्स ॲलर ह्यांनी त्या क्षीणतेचे कारण धातूंच्या उणिवेत शोधले. लोह त्यांना सूर्याच्या सुमारे दशांश आढळले. निष्कर्ष धाडसाचा खरा, परंतु आकडा भिडस्तच म्हणावा लागेल, एच. डी. १४०२८३ मधील लोह सूर्याच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याइतकेच असल्याचे पुढील मापनांत दिसून आले. जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात क्रमाने घडली, ह्या बर्बिज दांपत्य, फौलर व हॉइल ह्यांच्या १९५७ मधील प्रतिपादनास अशाच वेधांचे पाठबळ लाभले.