भाकरी आणि 'भरड' हा शब्द

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांनी आम्हाला विचारलं, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता भाकरीवर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो. भाकरीच्या इतिहासात एक शब्द बसलेला आहे, 'भरडधान्य', आणि शब्दांची झडती घेणं हेच तर आमचं काम.

सुरुवात जुन्या काळापासून करू. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आपल्या मातीतली धान्यं असं आपण अभिमानाने म्हणतो. पण तिन्हींचं मूळ आफ्रिकेत आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक होतं जव. म्हणजे दख्खनचा माणूस जन्मतः ज्वारी खाणारा नव्हता. मग ही धान्यं आपली कशी झाली? आमचं उत्तर असं की, हातामुळे झाली.

हे जरा नीट बघा. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन असतं, ती ताणली तरी तुटत नाही, म्हणून लाटता येते. ज्वारीत ग्लूटेन नाही. नुसत्या गार पाण्यात मळून लाटायला गेलात तर कडा चिरतात. यावर आपल्या बायकांनी उपाय शोधला तो उकळत्या पाण्याचा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटून धरण्याचं काम करतो. मग तळहाताने रगडून मळायचं, परातीत कोरड्या पिठावर थापायचं, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटायचं. शेवटी विस्तवाला लावली की आतली वाफ पापुद्रा उचलते.

आणि प्रत्येक पिठाची तऱ्हा वेगळी, बरं का. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून थोडं थोडं दळायचं. भोगीला तीळ लावून तिची भाकरी होते. तांदळाच्या आणि नाचणीच्या पिठाची आधी उकड काढतात. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, आणि सोलापूरकडे पातळ भाकरी वाळवून कडक करतात, ती कित्येक दिवस टिकते. हे सगळं ज्ञान कुठल्या पोथीत नाही. ज्यांनी ते उभं केलं त्यांच्यातल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

आता त्या शब्दाकडे येऊ. 'भरड' म्हणजे जाडंभरडं, हलकं. धान्याचं वर्णन करता करता तो खाणाऱ्याचं वर्णन करू लागला. खेड्यात गहू सणाचा, पुरणपोळीचा. रोजची ती भाकरी. पुढे पाटाचं पाणी आलं, हरितक्रांतीचा गहू आला, आणि चपाती ही सुधारल्याची खूण ठरली. ज्वारीतही १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पण मालदांडी खाणाऱ्यांना त्या भाकरीची चव रुचेना. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत थोडा नावं ठेवण्यासाठीच रुळला, तो असा.

मग १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा विशीत होतो. अमेरिकेतून आलेला लाल मिलो घरात यायचा. तोही ज्वारीच्याच कुळातला. पण आई म्हणायची, "हे पीठ हाताला ओळख देत नाही." भाकरी थापता थापता फाटायची, आणि ती ते तुकडे जुळवून तव्यावर टाकायची. धान्य मिळालं, पोट भरलं, हे खरंच. त्याबद्दल कृतघ्न होऊ नये. पण हात आणि धान्य यांचं नातं म्हणजे काय, ते आम्हाला त्या फाटक्या भाकरीने शिकवलं.

शिकलो खरे, पण वागलो कसे? नोकरी लागल्यावर आम्हीच घरी सांगितलं की डब्यात भाकरी नको, चपाती द्या. सहकाऱ्यांसमोर डबा उघडायची लाज वाटायची. आई काही बोलली नाही. समतेवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाने आपल्याच ताटात वर्णव्यवस्था लावली होती. हे आज जाहीरपणे कबूल केलेलं बरं.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिला गेला. म्हणजे प्रतिष्ठेची उतरंड कायद्यातही उतरली. २०१८ साली सरकारने याच धान्यांना 'पोषक धान्यं' म्हणायचं ठरवलं, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. शब्द बदलला, चांगलं झालं. पण आज शहरात चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. गरिबाचं म्हणून जे हिणवलं, ते आता गरिबाला परवडेना. आणि ज्याला परवडतं, त्याच्या घरात थापणारा हात उरला नाही. आमच्याच घरी बघा ना, ज्वारीचं पीठ येतं आणि डब्यात पडून राहतं. पीठ जुनं झालं की त्यात चिकटपणा राहत नाही, आणि मग आम्ही म्हणतो, "भाकरी जमत नाही."

बी जपायला संस्था आहेत. हात जपायला संस्था नसते. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जातो. म्हणून ऐकणाऱ्यांना एकच विनंती. घरात, शेजारी भाकरी करणारं कुणी असेल तर ताजं पीठ घेऊन त्यांच्याशेजारी बसा. पुरुषांनीही बसा, इतकी शतकं हे शिकणं एकट्या बायकांवर टाकलं, तेही पुरे झालं. आम्ही पंचाहत्तरीकडे झुकताना शिकायला बसलो आहोत. आमची तिसरी भाकरीसुद्धा फाटली. तुकडे जुळवले, आणि तव्यावर टाकली.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर घेऊ.