डीप-व्ही नौकातळ

डीप-व्ही नौकातळ हा वेगवान छोट्या मोटरबोटींच्या तळाचा एक प्रकार आहे. या प्रकारात तळाच्या मध्यरेषेवरील कण्यापासून दोन्ही बाजू तिरकस वर चढत जातात आणि हा चढ नाळेपासून (नौकेच्या पुढच्या निमुळत्या भागापासून) पिछाडीपर्यंत बराचसा कायम राहतो. पिछाडीच्या टोकालाही तो साधारणतः २० ते २५ अंश असतो. खवळलेल्या पाण्यातून वेगाने जाताना तळावर बसणारे लाटांचे तडाखे सौम्य करणे हा या रचनेचा मुख्य हेतू होय. अमेरिकन नौकारचनाकार सी. रेमंड हंट यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीनंतर तिचा जगभर प्रसार झाला. आजच्या बहुतेक सागरी स्पीडबोटी, गस्तनौका आणि बचावनौका या रचनेचे किंवा तिच्या सौम्य रूपाचे तळ वापरतात.

संज्ञा

तळाची बाजू आडव्या पातळीशी जो कोन करते, त्याला डेडराइज किंवा तळचढ म्हणतात. पूर्ण सपाट तळाचा तळचढ शून्य असतो. तळ आणि नौकेची उभी बाजू जिथे मिळतात त्या धारदार कडेला चाईन म्हणतात. चालत्या नौकेची नाळ पिछाडीच्या तुलनेत जेवढ्या अंशांनी वर उचललेली असते तो कोन म्हणजे ट्रिम.

नौकेचा तळचढ सांगताना तो कोठे मोजला हे सांगणे आवश्यक असते. बहुतेक सर्वच नौकांची नाळ तीक्ष्ण असते. फरक पडतो तो मध्यभागी आणि पिछाडीला. धक्क्याला बांधलेल्या नौकेची नाळ पाहून ती लाटांत कशी चालेल याचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते. वेगात असताना नाळेचा बराचसा भाग पाण्याबाहेर असतो आणि लाटेवर आदळतो तो प्रामुख्याने मधला व मागचा तळ.

घसरण अवस्था आणि लाटांचा मारा

संथ चालणारी नौका स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. या अवस्थेत तिचा वेग पाणरेषेच्या लांबीने मर्यादित होतो. पाणरेषा २५ फूट असल्यास ही मर्यादा जेमतेम ६.७ नॉट भरते. पुरेशी शक्ती मिळाल्यास मात्र नौका स्वतःच निर्माण केलेली लाट ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत चालू लागते. या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात. प्लेनिंगमध्ये नौकेचे वजन मुख्यत्वे तळावर आपटणाऱ्या पाण्याच्या दाबाने पेलले जाते. शांत पाण्यात या कामासाठी सपाट तळ सर्वात कार्यक्षम असतो, परंतु लाटा उठल्या की त्याच सपाटपणाचा जाच सुरू होतो.

छोट्या बोटींना त्रास होतो तो उंच लाटांपेक्षा आखूड आणि चढ्या लाटांचा. उदाहरणार्थ, तीन सेकंद आवर्तकाल असलेल्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १४ मीटर आणि वेग सुमारे ९ नॉट असतो. २० नॉट वेगाने अशा लाटांना सामोरे जाणाऱ्या नौकेला जवळपास दर सेकंदाला एक लाट भेटते. त्याच लाटांच्या दिशेने जाताना तीच नौका सुमारे अडीच सेकंदांनी एक लाट ओलांडते. प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आणखी आखूड व उभ्या होतात. कोकणातील खाड्यांच्या मुखाशी ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे वाहत असताना दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून येतात, तेव्हा हीच स्थिती उद्भवते.

लाटेच्या माथ्यावरून सुटलेला तळ पुढच्या लाटेवर पडतो, तेव्हा धक्क्याची तीव्रता पाणी किती झपाट्याने बाजूला सारावे लागते यावर अवलंबून असते. १० अंश तळचढाचा तळ एक सेंटिमीटर खाली बुडाला की पाण्याला भिडलेली रुंदी प्रत्येक बाजूस ५.७ सेंटिमीटरने वाढते. २४ अंशांच्या तळाच्या बाबतीत हीच वाढ केवळ २.२ सेंटिमीटर असते. (बुडणाऱ्या तळाच्या कडेने पाणी वर चढते, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडे दोन्हीकडे याहून मोठे असतात.) म्हणजे खोल व्ही तळ तेच वजन अधिक अंतरात आणि अधिक वेळात थांबवतो. सपाट तळ हे काम जवळपास एका क्षणात करतो, आणि तोच क्षण पाठीच्या कण्याला जाणवतो.

या प्रश्नाचा पहिला गणिती विचार नौकांसाठी झाला नव्हता. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या तरंगपेट्यांवर बसणाऱ्या आघाताचे गणित मांडले, आणि १९३२ मध्ये हर्बर्ट वॅग्नर यांनी त्यात बाजूने वर चढणाऱ्या पाण्याचा विचार समाविष्ट केला. पाण्यावर आदळणाऱ्या पाचरीचे हे गणित पुढे वेगवान नौकांना जसेच्या तसे उपयोगी पडले.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धापर्यंत वेगवान मोटरबोटींचे तळ प्रामुख्याने पिळलेल्या आकाराचे असत. नाळ धारदार, मध्यभाग उथळ आणि पिछाडी जवळजवळ सपाट अशी त्यांची ठेवण होती. त्या काळची इंजिने वजनाच्या मानाने दुबळी होती. नौका लवकर प्लेनिंगवर यावी म्हणून पिछाडीचा सपाटपणा आवश्यक मानला जाई. शांत पाण्यात या नौका उत्तम धावत, पण लाटांत त्यांचा वेग खलाशांच्या सहनशक्तीने ठरे.

हंट यांनी हा पीळ काढून टाकला. तळचढ पिछाडीपर्यंत जवळपास सारखा ठेवावा आणि त्यामुळे घटणारी उचल भरून काढण्यासाठी तळावर लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या बसवाव्यात, असा त्यांचा तोडगा होता. या पट्ट्या तळावरून वर सरकणारे पाणी अडवून खाली वळवतात. त्यामुळे थोडी उचल मिळते आणि तुषारही नौकेपासून दूर राहतात. १९५८ मध्ये ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे अमेरिकाज कप शर्यतींच्या वेळी हंट यांची २३ फुटी नौका लाटांतून सहज जाताना रिचर्ड बर्ट्रम या नौकाविक्रेत्याने पाहिली. त्यांनी त्याच धर्तीची ३० फुटी लाकडी नौका बांधून घेतली आणि पत्नीच्या टोपणनावावरून तिचे नाव ‘मॉपी’ ठेवले.

१९६० ची मायामी–नासाऊ शर्यत फ्लोरिडा आणि बहामा बेटांदरम्यानच्या खवळलेल्या समुद्रात झाली. ‘मॉपी’ सुमारे आठ तासांत पहिली आली. तिच्यामागून सुमारे दोन तासांनी पोहोचलेली ‘अ‍ॅक्वा हंटर’ ही नौकाही हंट यांच्याच रचनेची होती. उरलेल्या स्पर्धकांपैकी कोणी त्या दिवशी नासाऊला पोहोचू शकले नाही. ‘मॉपी’कडे स्पर्धकांहून अधिक शक्ती होती म्हणून ती जिंकली असे नव्हे. इतरांना वेग कमी करावा लागला तेथे तिला तो टिकवता आला. याच नौकेच्या आकारावरून १९६१ पासून ‘बर्ट्रम ३१’ ही फायबरग्लासची नौका बाजारात आली.

त्याच दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजमध्ये निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी व्ही आकाराच्या कठीण तळाभोवती हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवण्याचे प्रयोग केले. त्यातून कठीण तळाची हवा-नौका (रिब) निर्माण झाली. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनने या रचनेची ‘अटलांटिक २१’ ही बचावनौका १९७२ मध्ये सेवेत घेतली. तीक्ष्ण तळाची नौका थांबल्यावर डुलते. या नळ्या तिला नेमका तेव्हाच आधार देतात, म्हणून ही जोडी विशेष यशस्वी ठरली.

तळचढ, ट्रिम, वजन आणि वेग

तळाचा आकार महत्त्वाचा असला तरी तो एकटा प्रवास सुखकर करत नाही. न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत गेरार्ड फ्रिड्स्मा यांनी १०, २० आणि ३० अंश तळचढाच्या प्रतिकृती कृत्रिम लाटांत ओढून मोजमापे घेतली. त्यांच्या आधारे डॅनियल सॅविट्स्की आणि पी. वॉर्ड ब्राउन यांनी १९७६ मध्ये गुरुत्वमध्यापाशी जाणवणाऱ्या उभ्या त्वरणाचे एक सूत्र प्रसिद्ध केले. इतर सर्व बाबी समान धरल्यास या सूत्रानुसार तळचढ १० वरून २० अंशांवर नेल्यावर सरासरी त्वरण एक चतुर्थांशाने घटते. मात्र ट्रिम ४ वरून ३ अंशांवर आणल्यासही ते तेवढेच घटते. वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. २० नॉटवरून १४ नॉटवर येताच त्वरण जवळपास निम्मे होते.

नौका जड असेल तर तडाखे सौम्य होतात, तळ रुंद असेल तर वाढतात, हेही याच सूत्रातून दिसते. सारख्याच तळचढाच्या दोन नौकांपैकी अरुंद आणि जड नौका लाटांत अधिक मऊ का चालते, याचे उत्तर येथे मिळते. विक्रीच्या माहितीपत्रकांत तळचढाचा आकडा ठळकपणे छापलेला असतो. वजन आणि चाईनपाशी मोजलेली रुंदी यांची त्याच्याशी सांगड क्वचितच घातलेली आढळते.

व्यवहारात चालकाच्या हाती ट्रिम आणि वेग या दोनच गोष्टी असतात. आउटबोर्ड इंजिन आत झुकवून किंवा पिछाडीच्या ट्रिम पट्ट्या खाली सोडून नाळ थोडी दाबली की तळाचा अधिक तीक्ष्ण भाग लाटेला आधी भिडतो. अति दाबल्यास मात्र नाळ पाण्यात रुतून नौकेला भलतीकडे ओढू लागते.

आडव्या आणि पाठीमागच्या लाटा

बाजूने वारा असताना डीप-व्ही नौकेचा एक दोष उघड होतो. वारा नाळेला ढकलतो, चालक ती सावरण्यासाठी वाऱ्याकडे वळवून धरतो आणि नौका वाऱ्याच्या बाजूस कलते. २० अंश तळचढाची नौका १५ अंश कलली, तर त्या बाजूचा तळ पाण्याशी केवळ ५ अंशांचा कोन करतो. अशा वेळी ती जवळपास सपाट तळाच्या नौकेसारखी आदळते. ‘खोल व्ही असूनही दणके देते’ या तक्रारीमागे पुष्कळदा तळाचा दोष नसून हा कल असतो, आणि एका बाजूची ट्रिम पट्टी खाली सोडून तो काढता येतो.

पाठीमागून येणाऱ्या लाटांत मात्र ही रचना जुन्या पिळलेल्या तळाहून निश्चितच सुरक्षित आहे. धारदार नाळ आणि सपाट पिछाडी असलेली नौका लाटेच्या उतारावर नाळ रुतवते. पाण्यात पकड नसलेली तिची पिछाडी बाजूला फिरते आणि नौका लाटेला आडवी होऊन उलटण्याचा धोका संभवतो. डीप-व्हीची पिछाडीही पाण्यात खोल असल्याने ती सरळ मार्गावर टिकून राहते.

मर्यादा आणि अन्य आकार

तळचढ वाढला की उचल घटते. तेवढ्याच वेगासाठी अधिक शक्ती आणि अधिक इंधन लागते, तसेच नौका प्लेनिंगवर उशिरा येते. थांबलेली नौका, विशेषतः मासेमारी करताना सर्वजण एका बाजूस जमले असता, अधिक कलते. उथळ पाण्यात आणि किनाऱ्याला लावतानाही खोल तळ अडचणीचा ठरतो. यामुळे तलाव, नद्या व आश्रित खाड्यांतील नौकांसाठी पिछाडीला १२ ते १८ अंशांचा मध्यम व्ही तळ निवडला जातो. नाळ तीक्ष्ण आणि पिछाडी माफक ठेवणारा हा तळ जुन्या पिळलेल्या आकाराचेच सुधारित रूप आहे.

स्थैर्याला प्राधान्य देणारी दुसरी वाट म्हणजे एकाहून अधिक उभार असलेला तळ. १९५८ मध्ये आलेल्या १३ फुटी ‘बॉस्टन व्हेलर’चा तळ याच धर्तीचा असून त्याच्या रचनेतही हंट यांचा वाटा होता. ही नौका थांबलेली असताना अत्यंत स्थिर राहते, परंतु चढ्या लाटांत तिचे दणके प्रसिद्ध आहेत. जोडतळाच्या कॅटामरान नौकांचे दोन अरुंद तळ लाटा सहज कापतात आणि मधल्या बोगद्यातील हवा धक्का काही अंशी झेलते. लाट बोगद्याच्या छतापर्यंत पोहोचली, की मात्र तो सपाट पृष्ठभाग जोरदार आपटतो.

प्रवाशांवरील परिणाम

लाटांच्या तडाख्यांकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे धोक्याचे आहे. वेगवान रिब नौकांतील प्रवाशांच्या पाठीचे मणके दबून मोडल्याच्या घटनांची चौकशी ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने केली आहे. कामावर असलेल्या व्यक्तींसाठी युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी आहे. वेगवान गस्तनौकांवर ती सहज ओलांडली जाऊ शकते, म्हणून अशा नौकांत धक्के शोषणाऱ्या आसनांचा वापर वाढला.

नौकेच्या लांबीवर धक्का सारखा जाणवत नाही. लाटेवर चढता-उतरताना नौका गुरुत्वमध्याच्या आसपास झुलते. त्यामुळे नाळेपाशी उभे त्वरण सर्वाधिक असते, तर पिछाडीकडे ते बरेच कमी होते. दृश्य चांगले दिसते म्हणून पर्यटक नाळेकडची जागा पसंत करतात, पण मणक्याच्या दुखापतीचा धोका सर्वात जास्त तेथेच असतो. पुढे लाट दिसत असताना गुडघे किंचित वाकवून उभे राहिलेला चालक धक्का पायांवर झेलतो. बाकावर पाठ फिरवून बसलेल्या प्रवाशाला तशी तयारी करता येत नाही, आणि तळ कितीही खोल असला तरी त्याच्या आसनापर्यंत पोहोचणारा धक्का कमी करण्याचा सर्वात खात्रीचा उपाय चालकाने वेग उतरवणे हाच असतो.